माकड नव्हे, वानेर

मारोतीमामा गेले, हे त्यांच्या मुलीने बिलोलीहून फोनवर सांगितलं तेव्हा मी लातूरला एका पत्रकाचं प्रूफ तपासत होते. "सकाळी चहा मागितला, न् कप हातात घेतलाच न्हाई," ती म्हणाली. त्याला पाच आठवडे झाले. प्रूफ तसंच पडून आहे.

मामा नांदेडजवळच्या एका छोट्या प्राणिसंग्रहालयात रखवालदार होते. आमची ओळख भांडणातून झाली आणि भांडण मी उकरलेलं. प्राण्यांच्या छळाविरुद्ध मी पत्रकं काढते म्हणून कुणीतरी मला फोटो पाठवला होता : चितळांच्या आवारात एक माकड हरणीचा कान ओढतंय. जागेवर न जाता मी पत्रक काढलं, 'हरणांत माकड कोंडणारे अधिकारी कोण?' मथळ्यावर मी स्वतःच खूश. पत्रक गाजलं, साहेब घाबरले आणि त्यांनी तो प्राणी उचलून एकट्या पिंजऱ्यात टाकला. जिंकले म्हणून मी बघायला गेले.

पिंजऱ्यासमोर पिंपळाची डहाळी धरून मामा उकिडवे बसले होते. मी नाव सांगितलं. वर न बघताच म्हणाले, "पत्रकवाल्या ताई तुम्हीच का? ह्ये माकड हाय?"

"मग काय आहे?"

"तोंड बघा की, काळं हाय. शेपूट बघा केवढी. वानेर हाय, मादी. माकड असतं तर मीच ठिवलं नसतं हरणांत, लई छळतंय ते. तुम्हाला लिहिता येतंय ताई, बघता येत न्हाई."

तिकीट खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "नावच मारोती, मग वानराची बाजू घेणारच की." मामा हसले नाहीत. वानरीने तीन दिवस पानाला तोंड लावलं नव्हतं.

ती कान ओढत नव्हती, गोचीड काढत होती, असं मामा म्हणत होते. मला पटेना. मी पुरावा मागणारी. हुज्जत घालत चितळांच्या कुंपणाशी पोचलो आणि मागून खॅक्... खॅक्... असा कोरडा आवाज आला. एरवी मान खाली घालून बसलेली वानरी पिंजऱ्याच्या जाळीवर टोकापर्यंत चढली होती. त्याच क्षणी सगळी चितळं माना ताठ करून एकत्र आली, पाडसं मधे, माद्या भोवती. मामा काठी घेऊन धावले. मागच्या भिंतीच्या फटीतून मोकाट कुत्रं आत शिरत होतं. ते हरणांनी पाहिलं नव्हतं, मीही नाही. उपाशी, एकटी पडलेली, शंभर पावलांवरची ती मात्र पहाऱ्यावर होती. आणि हरणांनी तिचा शब्द एकदाही पडताळून पाहिला नाही... हे त्यांना कुणी शिकवलं? आणि ते तोडायला मी कोण?

पहिलं पत्रक ज्या चौकात वाटलं होतं, त्याच चौकात मी दुसरं वाटलं : 'माकड लिहिलं, ती चूक माझी.' सोबतचे कार्यकर्ते म्हणाले, हसं करून घेतलंस. साहेब ऐकेनात, त्यांना पुन्हा फोटो नको होता. शेवटी मामांनीच लिहून दिलं, 'काही झालं तर जबाबदार मी.' निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना. वानरी परत गेली. एका हरणीने तिला हुंगलं आणि कान पुढे केला.

"पिंजरे मला तरीही पटत नाहीत, मामा."

"मला तरी कुटं पटतंय? पर हायती तवर एकटं कशाला ठिवायचं कुणाला?"

परवा तिथे गेले. नव्या रखवालदाराने सांगितलं, पहिल्या दिवशी त्याने सरळ फाटक उघडलं, तर वानरी ओरडली आणि चितळं जाळीवर आदळता आदळता वाचली. मग तिकिटवाल्या बाईंनी समजावलं, सुना असलेल्या घरात सासरा शिरतो तसे मामा आधी खाकरायचे. "आता मीबी खाकरून राहिलो," तो म्हणाला आणि माझ्या हातात डहाळी दिली. "एवढी टाका आत, ताई. मी हरणांचा चारा घेऊन येतो."

कडीला हात लावण्याआधी मी खाकरले. वरून वानरीने एकदा वळून पाहिलं आणि पान खात राहिली. खाली एकाही चितळाने मान वर केली नाही.