करुणाताईंचं दीड पेर

सौंसरच्या करुणाताई सहारेंनी समुद्र पाहिलेला नाही. नागपूरच्या पलीकडे त्यांचं पाऊल कधी पडलं नाही. तरी अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या एका माशाला काय खावंसं वाटतं, हे त्यांच्याइतकं पंचक्रोशीत कोणाला ठाऊक नसेल. हे ऐकून लोक हसतात. हसू देत बापडे.

बोरगावला पत्र्याच्या शेडमध्ये एक छोटा कारखाना आहे. तिथे चाळीस बाया बारीक गळांवर पिसं आणि दोरे बांधून खोट्या माश्या बनवतात. तिकडचे हौशी लोक अशी माशी दोरीच्या टोकाला लावून पाण्यावर फेकतात आणि मासा तिला खाणं समजून तोंडात घेतो. इतक्या खटाटोपाने धरलेला मासा पुष्कळदा परत पाण्यात सोडून देतात, हे कळलं तेव्हा बाया आठवडाभर हसत होत्या. करुणाताई हसल्या नाहीत. एकोणीस वर्षं माश्या बांधताना त्यांना एवढं कळलं होतं, की गंमत धरण्यात नसून माशाला फसवण्यात आहे.

दोन वर्षांपूर्वी एक अवघड काम आलं. तिकडे स्ट्राइप्ड बास म्हणून एक मासा असतो, अंगावर काळे पट्टे असलेला. बाया त्याला पट्टेवाला म्हणत. भरतीच्या पाण्याबरोबर हा पट्टेवाला गुडघाभर पाण्यात, अगदी वाळूवर चरायला येतो. पाणी उथळ आणि नितळ, त्यामुळे त्याला सगळं दिसतं, सगळं ऐकू येतं. माशी आवाज न करता पडली पाहिजे, हळू बुडाली पाहिजे आणि तिचं शेपूट जिवंत असल्यासारखं हललं पाहिजे. कारखान्याने पाठवलेले नमुने तीनदा परत आले. मालक श्रीकांतभाऊंनी हात टेकले.

करुणाताईंनी ते काम अंगावर घेतलं. चार रविवार त्या जाम नदीच्या उथळ पाण्यात पदर खोचून उभ्या राहिल्या. हातात बांबूची काठी, काठीला दोरा, दोऱ्याला माशी. कपडे धुणाऱ्या बाया म्हणायच्या, "करुणा, मासे भेटले तं आमाले बी सांगजो, मसाला वाटून ठेवतो." करुणाताईंचं लक्ष माशांकडे नव्हतंच. पाण्यात पीस कसं वागतं, एवढंच त्या बघत होत्या. चौथ्या रविवारी त्यांना उमगलं. शेपटाचं पीस दीड पेर हवं. त्याहून आखूड झालं तर हलत नाही, लांब झालं तर फेकताना गळालाच गुंडाळतं.

पेर म्हणजे अंगठ्याचं पेर. कारखान्यात पट्टी होती, पण ती उचलायची तर हातातला दोरा सोडावा लागतो, आणि दोरा सोडला की बांधणी सैल पडते. म्हणून जुन्या बाया सगळं अंगठ्यावरच मोजत. जिचा तिचा अंगठा.

त्या माशीची छायाचित्रं बघूनच माल घेणारा तिकडचा साहेब खूश झाला. नमुना पास करायला तो स्वतः येणार होता. त्याची रीत अशी, की त्याच्यासमोर बसून माशी बांधायची. पसंत पडली की ती काचेच्या डबीत बंद होते, डबीवर त्याची सही होते आणि पुढच्या हजारो माश्या त्या एकीसारख्याच व्हाव्या लागतात. बांधणारीचं नाव आणि फोटो पाकिटावर छापतात. नावाचं करुणाताईंना फारसं काही नव्हतं, म्हणजे थोडं होतं, खोटं कशाला बोला. पण त्यांचा खरा जीव डबीत अडकला होता. आपण शोधलेली माशी आपण बांधली तशीच जगात जावी, एवढंच त्यांना हवं होतं.

साहेब बारा एप्रिलला येणार होता. त्याचं लांबलं आणि तारीख पडली चौदा.

"ताई, दोन घंट्याचं काम हाय," श्रीकांतभाऊ म्हणाले. "मी गाडी पाठवतो. जयंतीच्या मिरवणुकीच्या आधी घरी पोचवतो तुमाले."

"भाऊ, वर्षातले बाकीचे दिवस तुमचेच तं हायेत," करुणाताई म्हणाल्या. "हा एक नाही."

हा हट्ट नव्हता. त्यांचे वडील सुखदेव एका बागवाल्याकडे वर्षाच्या बोलीवर सालदार होते. एका चौदा एप्रिलला मालकाने बागेत बोलावलं, ते गेले नाहीत, आणि पंधराला त्यांना कामावरून काढून टाकलं. या दिवशी मालकाच्या दारात उभं राहायचं नाही, एवढी एकच गोष्ट त्यांनी लेकीला शिकवली. ती मोडून करुणाताई गेल्या असत्या, तर घरी येऊन वडिलांच्या फोटोकडे बघू शकल्या नसत्या.

म्हणून तेराला त्यांनी तृप्तीला शेजारी बसवलं. तृप्ती पांढुर्ण्याची पोरगी, तेवीस वर्षांची, उंच, हाताने चलाख. तिला करुणाताईंनीच घडवलं होतं. "पीस दीड पेर," त्यांनी चारदा सांगितलं. तृप्तीने चारदा मान डोलावली. करुणाताईंची मूठ लहान आणि तृप्तीची बोटं लांबसडक, हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. पेर म्हणजे पेर, त्यात सांगण्यासारखं काय असतं?

चौदाला दुपारी विहारात खीर वाढताना फोन वाजला. तृप्तीने लिहिलं होतं, मावशी, माशी पास झाली. करुणाताईंनी हातातलं भांडं ठेवलं आणि दिसेल त्याला सांगत सुटल्या. इतक्या खुशीत त्यांना कोणी कधी पाहिलं नव्हतं.

पंधराला त्यांनी डबी हातात घेतली. मग आपला अंगठा काचेला लावला. पीस तांदळाच्या दाण्याएवढं लांब होतं.

"भाऊ, हे चुकलं. तांदळाच्या दाण्याएवढं लांब झालं," त्या म्हणाल्या. "हे गळाले गुंडाळेल. पट्टेवाला तोंड नाही लावणार याले."

"साहेबानं सही केली, ताई. आता तो दाणा बी पासच हाय."

"फोन करून सांगा त्याले."

"काय सांगू? का आमचा नमुना चुकीचा हाय म्हणून? उद्या काम दुसरीकडे जाते. चाळीस बाया घरी बसवू?"

असल्या वेळी शहाणी माणसं नेहमी चाळीस जणांचं नाव पुढे करतात, आणि एकट्या माणसाच्या तोंडाला कुलूप बसतं.

तृप्ती चहाच्या वेळी जवळ आली. "मावशी, त्यानं विचारलं, कोणं बांधली? मीच तं बांधून राहिली होती त्याच्यासमोर. मंग काय सांगू?"

ती खोटं बोलली नव्हती. बोलली असती तर करुणाताईंनी तिला चार शिव्या हासडल्या असत्या आणि मोकळ्या झाल्या असत्या. इथे भांडायला कोणी सापडतच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात पाकिटं छापून आली. त्यांवर तृप्ती हसत होती. नमुना तिचा, म्हणून तपासणीची खुर्चीही तिला मिळाली, आणि आता टेबलावर स्टीलची पट्टी आली. करुणाताईंनी पहिल्या दिवशी बारा माश्या बांधल्या, आपल्या दीड पेराच्या. मुद्दाम बांधल्या. एक तरी तिकडच्या पाण्यात जाईल, बरोबर पडेल, आणि कोणाच्या तरी ध्यानात येईल, अशी वेडी आशा होती.

तृप्तीने एकेक माशी डबीशेजारी धरली. बारावी माशी तिने बाकीच्यांशेजारी ठेवली.

"मावशी, ह्या छोट्या हायेत. बाराच्या बारा."

नापास माशी जिची तिने कापायची आणि गळ परत द्यायचा, हा कारखान्याचा नियम. नव्या पोरींसाठी केलेला. एकोणीस वर्षांत करुणाताईंच्या हाती ते ब्लेड आलं नव्हतं. सगळ्या बायांचे हात थांबले. करुणाताईंनी ब्लेड घेतलं आणि एकेक माशी कापली, पीस वेगळं, दोरा वेगळा, गळ वाटीत.

बारा गळ वाटीत पडले तेव्हा तृप्तीने हळूच पट्टी पुढे सरकवली.

"पट्टी नको," करुणाताई म्हणाल्या. "मले पट्टीवर जमत नाही. तुहा अंगठा दे."

तृप्तीने हात पुढे केला. करुणाताईंनी तिच्या अंगठ्यावर नवं पीस ठेवलं, तिचं दीड पेर मोजलं, आणि तिथे कापलं.