उंट, मान पुढे

टेलरबाईंना गिऱ्हाइकाचं आडनाव आठवेल तर शपथ. पण कुणाचा खांदा उतरलाय, कुणाच्या पाठीला पोक आहे, हे वीस वर्षांनी विचारा, घडाघडा सांगतील. त्यामुळे मापांच्या वह्या कॉम्प्युटरवर चढवताना त्यांनी फायलींना नावं दिली तीही तसलीच: 'डावा खांदा खाली', 'ढेरी, पण कबूल नाही'. खरं आडनाव आत, मापांच्या वर. अशा नऊशे फायली! 'माझ्याकडून माप हरवत नाही,' हा त्यांचा जन्माचा तोरा.

त्या सकाळी एक बाई आल्या. नवऱ्याला नकळत कोट शिवायचा होता, म्हणजे नवं माप घ्यायची सोय नाही. "चार वर्षांपूर्वी तुम्हीच शिवला होता," म्हणत त्यांनी आडनाव सांगितलं. टेलरबाईंनी ते शोधायच्या चौकटीत टाइप केलं. काही नाही. पुन्हा केलं. पुन्हा शून्य.

"दिसतात कसे तुमचे हे?"

"कसे म्हणजे? चारचौघांसारखे."

इतक्या वर्षांचा संसार आणि नवऱ्याचं वर्णन एवढंच! बाई पर्स उचलून समोरच्या तयार कपड्यांच्या दुकानाकडे बघायला लागल्या. टेलरबाईंनी घाईघाईनं तिसऱ्यांदा आडनाव टाइप केलं.

आत काजं करत बसलेल्या नणंदेची अख्खी नोकरी कॉम्प्युटरपुढे गेलेली. ती सुई टोचून ठेवून उठली.

"वहिनी, हा नुसती दारावरची पाटी वाचतो. आत डोकाव म्हणून सांगितल्याशिवाय कसा डोकावेल?"

"मग सांगा की, वन्सं! व्याख्यान नंतर द्या."

नणंद फोल्डरच्या ऑप्शनमध्ये शिरली, सर्चच्या पानावर गेली, फायलींच्या आतला मजकूरही शोधायच्या ओळीपुढे टिक केली आणि ओके दाबलं. टेलरबाईंनी आडनाव पुन्हा टाइप केलं. हिरवी पट्टी रेंगाळत सरकली आणि एकुलती एक फाइल वर आली.

'उंट, मान पुढे.'

टेलरबाईंनी झटकन पडद्यावर हात ठेवला. उशीर झाला होता.

"अगं बाई!" गिऱ्हाईक म्हणालं. "मीही हेच म्हणते. तोंडावर नाही म्हणत, एवढंच." आणि पर्स खाली ठेवून त्या कापडं बघायला बसल्या.

त्या गेल्यावर नणंद म्हणाली, "आता तरी फायलींची नावं बदला."

"का म्हणून? आता बघतोय ना तो आत!"

टेलरबाईंनी पडद्याची पाठ तेवढी गिऱ्हाइकांकडे केली आणि निळं कापड बेतायला घेतलं. मान पुढे असली की कॉलर किती वर धरायची, ते फाइल न उघडताच आठवलं होतं.