बुरुजामागचे पाय

भालचंद्र कोपरकरांना बसवत नव्हतं. उभं राहायला सांगितलं तर तासन्‌तास उभे राहत, चालायला सांगितलं तर बेहालाच्या घरापासून थेट खिदिरपूरच्या गोदीपर्यंत जाऊन, पानवाल्याशी गप्पा मारून परत येत. पण खुर्चीत टेकले की उजव्या घोट्यापाशी कोणीतरी सोड्याची बाटली फोडल्यासारखं व्हायचं. बुडबुडे पोटरीत चढायचे, पोटरीतून गुडघ्यामागे जायचे, तिथे त्यांच्या मुंग्या व्हायच्या आणि मुंग्यांच्या सुया. मग डावा पाय म्हणायचा, मी काय घोडं मारलंय? की त्यालाही त्याचा वाटा मिळायचा. उठून चार पावलं टाकली की दोन्ही पाय असे गप्प, जसं काही झालंच नव्हतं.

गोदीच्या कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेनं आरामखुर्ची घेतली होती. तिच्यात आता धोब्याकडून आलेले कपडे आराम करत. भालचंद्र चहा फिरत पीत, पेपर फिरत वाचत, आणि जेवताना दर दोन घासांमागे उठून खिडकीपर्यंत जाऊन येत. भाताची वाढणी हातात धरून त्यांची बायको सुनीतीबाई विचारत, की मी आता पंगत व्हरांड्यात मांडू की रस्त्यावर? ट्राममध्ये बाकं रिकामी असली तरी ते दांडा धरून उभे. बंगाली कंडक्टर बिचारा 'बोशून ना दादू', बसा ना आजोबा, करून थकला. नंतर नंतर त्याला राग येऊ लागला, की हा म्हातारा ट्रामची बेअब्रू करतोय.

डॉक्टर दाखवून झाले. पहिल्यानं गुडघ्यावर रबरी हातोडी मारली, तळव्याला टाचणी टोचली, आणि परीक्षेचा निकाल सांगावा तशा प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाला, "किछु ना!" काही नाही. कविराजांनी, म्हणजे इथल्या वैद्यबुवांनी, नाडी धरून डोळे मिटले, ते इतका वेळ मिटले की भालचंद्रांना वाटलं झोप लागली असावी, मग खर्जात उमटलं, "बायू... शोब बायू..." म्हणजे सगळा वात, आणि तेलाची बाटली पुढे आली. त्या तेलाला असा वास, की शेजारच्या घोषबाबूंनी मासळी नासली का म्हणून चौकशी केली. होमिओपॅथीवाल्यानं पायांचं नावच काढलं नाही. लहानपणी वादळाला भीत होता का, खारट आवडतं की आंबट, स्वप्नात पाणी येतं का, असं सगळं विचारून घेतलं आणि खसखशीएवढ्या गोळ्या देऊन कांदा बंद केला. कांदा गेला, मुंग्या राहिल्या. शेवटी एका मोठ्या डॉक्टरांनी वय झालं म्हणून सांगितलं. पायांत काहीच नाही, हे ऐकलं की भालचंद्रांचे पाय जास्तच चेकाळत.

पण मंडळात हे कळता कामा नये, असं त्यांनी घरात बजावून ठेवलं होतं. मंडळ म्हणजे शहरातल्या मराठी माणसांचं मंडळ, आणि गणपतीतलं नाटक म्हणजे मंडळाचा प्राण. त्या नाटकाचे प्रॉम्प्टर महायुद्धाच्या आधीपासून भालचंद्र. आणि इथला प्रॉम्प्टर म्हणजे अडलेल्याला एखादा शब्द पुरवणारा माणूस नव्हे. इथेच जन्मलेली, इथल्याच बंगाली शाळेत शिकलेली पोरं. 'आई, भूक लागली' च्या पलीकडे मराठी गेली की त्यांना घाम फुटायचा. तीच पोरं रंगमंचावर किल्लेदार आणि राण्या व्हायची. संवाद समजला का, हा प्रश्नच नव्हता. विंगेतून भालचंद्र जे देतील ते जसंच्या तसं पुढे जायचं: शब्द, हुंकार, दम घ्यायची जागा, सगळं. म्हणून मंडळाचा कोणताही वीर बोलू लागला की तो भालचंद्रांसारखा बोलायचा, आणि राणीही तशीच, फक्त पातळ आवाजात. पुढच्या रांगेतल्या बायका म्हणत, आपल्या जयंताची भाषा किती भारदस्त हो! पडद्याआड भालचंद्र मिशीत हसत. चेहरा कधी कोणाला दिसला नाही, पण दरवर्षी एका संध्याकाळी ते सगळ्यांच्या तोंडात असत. बाकीचं वर्ष त्यावर निघायचं.

प्रॉम्प्टरच्या स्टुलावर विनायकरावांचा डोळा होता. बँकेत बदली होऊन आलेला गृहस्थ, आवाज असा की गुपित सांगितलं तर भवानीपूरला ऐकू जावं. "कोपरकर, आता आम्हाला द्या की जागा," असं दर तालमीला म्हणायचे आणि वर हसायचे. ते हसणं भालचंद्रांना सुयांइतकंच टोचायचं.

तालमी पार पडल्या, कारण तालमीत फिरता येत होतं. नाटक लिहिणारे आणि बसवणारे दिगंबरराव उलट खूश. कोपरकरांकडे बघा, म्हणायचे, या वयात काय हा उत्साह! प्रयोगाच्या दिवशी मात्र हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि भालचंद्रांची नजर रंगमंचावर गेली. गडाचा बुरूज कापडावर रंगवून मधोमध उभा केला होता, आणि कंत्राटदारानं कापड वाचवलं होतं. बुरूज जेमतेम कमरेएवढा. विंग या वेळी लांब पडत होती, म्हणून प्रॉम्प्टरसाठी त्याच्या मागे एक ठेंगणं स्टूल. बसून कापडाच्या फटीतून बोलायचं. जरा उठलं की डोकं गडाच्या वर.

"अजून सांगून टाका," सुनीतीबाई कानाशी म्हणाल्या.

"सांगितलं की स्टूल गेलं."

"म्हणजे बसवत नाही आणि सोडवतही नाही. धन्य आहे."

पहिला अंक त्यांनी मांडीला चिमटे काढून काढला. चप्पल काढून तळवा स्टुलाच्या पायावर घासला, आणि पलीकडे राणी रडत होती तिच्या हुंदक्यांच्या तालावर पाय हलवले. दुसऱ्या अंकात शत्रूचा वकील आला. वकील म्हणजे श्यामसुंदर, शाळामास्तर, त्याला मराठी चांगलं येई. त्यानं गड खाली करा म्हणून दरडावलं. किल्लेदार म्हणजे जयंत; त्याचा 'ळ' लहानपणीच हुगळीत वाहून गेला होता, पण छाती भरदार. तो बुरुजाला पाठ लावून उभा राहिला आणि मागून शब्द येण्याची वाट पाहू लागला.

"जोवर या मनगटात रक्त सळसळतंय," भालचंद्र कुजबुजले.

"जोबर या मनगटात रक्त सलसलतंय!" जयंत गर्जला.

त्याच क्षणी पोटरीत सगळ्या सुया एकदम घुसल्या. "आई गं," भालचंद्र कण्हले.

"आई गं!" जयंत छातीवर हात ठेवून म्हणाला.

वकिलानं डोळे मिचकावले. भालचंद्र घाबरून पुटपुटले, की हे नाही, हे नाही. तेवढ्यात जयंतनं तलवार उपसली आणि "हे नाही! हे नाही!" असं ठणकावलं. लोकांना वाटलं, गड द्यायला नकार दिला. टाळ्या पडल्या. भालचंद्रांनी स्वतःचं तोंड हातानं दाबून धरलं. मागून शब्द येईना, म्हणून जयंतही गप्प. तलवार वर, तोंड उघडं. आणि त्या शांततेत भालचंद्रांचे पाय आपले आपण उभे राहिले.

बुरुजावर एक टक्कल उगवलं, मग चष्मा, मग कानावर खोचलेली पेन्सिल.

खाली बसायला हवं होतं. त्यांनी गुडघे वाकवले सुद्धा, पण लगेच बुडबुडे चढू लागले. आता पुढच्या रांगा हसणार, स्टूल विनायकरावांचं होणार, एवढंच त्यांना दिसत होतं. तोच श्यामसुंदरनं तुच्छतेनं बोट दाखवलं.

"किल्लेदार, तुमचा पहारेकरी जागा झाला वाटतं."

हॉल हसून कोसळला. भालचंद्रांना दुसरं काही सुचलं नाही. संहितेची गुंडाळी करून ते बुरुजामागून बाहेर आले आणि धोतरकोटावर गडाची गस्त घालू लागले, या टोकापासून त्या टोकापर्यंत, तोंडाच्या कोपऱ्यातून संवाद सोडत. जयंतची मान त्यांच्यामागे फिरत राहिली. पहाऱ्यावर एवढं लक्ष ठेवणारा किल्लेदार त्या हॉलनं पाहिला नव्हता.

पडदा पडल्यावर दिगंबरराव धावत आले. चेहरा लालबुंद, आवाज मात्र बारीक, कारण पलीकडे लोक होते. विनायकराव मागोमाग, संहितेसाठी हात आधीच पुढे केलेला.

"माझ्यानं बसवत नाही," भालचंद्र म्हणाले. "वर्ष झालं. काय झालंय ते कोणालाच सांगता येत नाही."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही स्टूल यांना दिलं असतंत."

"दिलंच असतं!" दिगंबरराव म्हणाले. विनायकरावांचा हात आणखी पुढे आला. दिगंबररावांनी त्या हाताकडे पाहिलं, पडद्याच्या फटीतून हॉलकडे पाहिलं. तिथे लोक अजून हसत, पहारेकऱ्याविषयीच बोलत होते. मग त्यांनी पेटाऱ्यातून जुनी पगडी काढली.

"लोकांनी पहारेकरी पाहिलाय," ते चिडूनच म्हणाले. "तो आता गेला कुठे, हे मी कोणाकोणाला सांगत बसू? चष्मा तेवढा पुसा, वाचायचंय अजून."

तिसऱ्या अंकात पगडी घालून भालचंद्र अखेरपर्यंत चालले. गड पडला, राणी सती निघाली, वकील मारला गेला. पहारेकरी आपला चालतोय. मागच्या रांगेतल्या एका पोरानं विचारलं म्हणतात, की हा लढत का नाही?

नंतर मागच्या अंगणात चहा झाला. मातीचा खुल्लड हातात घेऊन भालचंद्र तिथेही इकडून तिकडे फिरत होते, आणि दिगंबरराव नाइलाजानं त्यांच्या बरोबरीनं. पुढच्या वर्षी सामाजिक नाटक करायचा त्यांचा विचार होता. ऐकून भालचंद्रांची पावलं अडखळली. सामाजिक नाटकात तटबंदी नसते. दिवाणखाना असतो आणि दिवाणखान्यात सोफा.

"त्यात पहारेकरी कुठून आणणार?" त्यांनी विचारलं.

"पहारेकरी कशाला? बाप घालतो. मुलीचं लग्न जमत नाही म्हणून तिन्ही अंक येरझारा घालणारा."

सुनीतीबाई दाराशी उभ्या होत्या. "आणि तिसऱ्या अंकात जमलं तर?"

"जमू देत नाही," दिगंबरराव म्हणाले.