अल्बम परत येऊ नये म्हणून

स्टुडिओत काम केलेल्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. दौंडला रफिकभाईंच्या स्टुडिओत मी लग्नाच्या अल्बमची बॅकग्राउंडं करायचे. म्हणजे फोटोंच्या मागं जो फुलांचा, नक्षीचा कागद दिसतो ना, तो फोटोशॉपमध्ये बनवायचा. तिथली वीस जीबीची हार्डडिस्क केव्हाच भरली, किस्से मात्र अजून मावतायत.

पहिल्याच दिवशी रफिकभाई म्हणाले, "तीन महिने बघू. एक जरी अल्बम परत आला, तर तू पण घरी." आणि घरी वडिलांनी सांगून ठेवलेलं, नोकरी सुटली की स्थळं बघायची. म्हणजे दुसऱ्याच्या लग्नाचा अल्बम बिघडला की माझं लग्न!

*

पहिला प्रताप अल्बममधल्या हळदी समारंभाच्या पानाचा. अस्सल पिवळा रंग हवा म्हणून मी डब्यातली हळद थेट स्कॅनरच्या काचेवर पसरली. बॅकग्राउंड झकास आलं. पण हळद फटीतून आत गेली आणि पुढचे सगळे फोटो पिवळे यायला लागले. केंदूरच्या एका नवरीचा प्रिंट बघून तिचा मामा म्हणाला, "लग्नात ठणठणीत हुती आमची पोरगी. ही कावीळ कवा झाली?"

रफिकभाईंनी स्क्रू काढून काच पुसली. मग हळदीचा डबा माझ्या पिशवीत परत कोंबला.

*

लाइटचा तेव्हा काही भरवसा नव्हता, त्यामुळे दर मिनिटाला कंट्रोल-एस. सवय इतकी लागली की जेवतानाही डाव्या हाताची बोटं ताटाच्या कडेवर चालायची. आईनं विचारलं, "काय गं, बोटांना काय झालंय?"

म्हटलं, "सेव्ह करतेय."

तिनं वडिलांना सांगितलं, पोरीला डॉक्टरला दाखवून आणा.

*

सगळे लेअर एकत्र चिकटवायचे, म्हणजे फ्लॅटन करायचं, ते तर सगळ्यात जोखमीचं. नंतर काही सुटं करता येत नाही. रफिकभाई मागं उभे राहून "बिस्मिल्ला" म्हणायचे, मी मनात त्रिशरण म्हणायचे आणि मगच क्लिक. एकदा ते चहाला गेले होते, तर मी वीस मिनिटं नुसती माउस धरून बसून राहिले.

*

पाटसच्या एका बागायतदार मामांना मागं उसाचा मळा हवा होता. मी तुरे आलेला ऊस टाकला. पांढरे तुरे, वर निळं आभाळ, इतकं देखणं पान मी आधी कधी केलं नव्हतं. मामांनी पान डोळ्यांजवळ धरलं.

"ताई, तुरा आला म्हंजी ऊस रानातच म्हातारा झाला," ते म्हणाले. "व्याही म्हणतील, ह्यांना टायमाला तोडणी बी मिळत न्हाई."

मी रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली, मला काय ठाऊक! नशीब, अल्बम अजून बाइंडिंगला गेला नव्हता.

*

तीन महिने भरत आले होते तेव्हा कासुर्डीचे एक आप्पा मुलाच्या लग्नाचा अल्बम करायला आले. पिशवीतून त्यांनी बायकोचं हिरवं लुगडं काढलं. ती आदल्या वर्षी गेली होती. तिचा एकही धड फोटो नव्हता.

"फोटोत तर ती न्हाई," आप्पा म्हणाले. "मागं तरी असू द्या."

मी श्वास रोखून ते लुगडं तुकड्यातुकड्यानं स्कॅन केलं, जोडलं. पदराजवळ एक ठिगळ होतं, वेगळ्याच कापडाचं, जाड टाक्यांचं. दोन दिवस बसून ते फोटोशॉपमध्ये इतक्या सफाईनं काढलं की रफिकभाईंना भिंग लावूनही जागा सापडेना. "आता पक्की झालीस," ते म्हणाले.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी आप्पा अल्बम काखेत घेऊन दारात उभे. रफिकभाई माझ्याकडं बघत होते. आप्पांनी काउंटरवर अल्बम उघडला आणि एकेक पान बोटांनी चाचपत शेवटपर्यंत गेले. मग पिशवीतून लुगडं काढून शेजारी ठेवलं.

"फोटो लई भारी हायेत, पोरी. फकस्त तिच्या हातचं ठिगळ तेवढं परत लावून दे."