गोळ्या माझ्या, बोलणार घरचे

"बायपोलर डिसऑर्डर आहे," डॉक्टर म्हणाले, आणि म्हणाले ते माझ्या नवऱ्याला. मी शेजारच्या खुर्चीत बसले होते. बायपोलर म्हणजे मन कधी उधळतं, तर कधी महिनाभर अंथरुणातून उठू देत नाही. हे मला नंतर नर्सकडून कळलं.

तेव्हापासून वाटूरच्या आमच्या घरात "हिनं गोळी घेतली का?" हे माझ्यासमोर सासूबाईंना विचारलं जायचं. मी चिडले की नवरा डॉक्टरांना फोन करायचा, डोस वाढवायचा का म्हणून. या माणसांचा मला संताप यायचा. अजूनही येतो. तुमच्या घरी असंच चालत असेल तर तुम्हीही खुशाल चिडा.

बरी झाल्यावर जालन्याला पीअर सपोर्टच्या प्रशिक्षणाला गेले. म्हणजे ज्याने हा आजार भोगलाय त्यानेच दुसऱ्या आजाऱ्याशी नातं जोडायचं, त्याच्या सोबतीला बसायचं. प्रशिक्षणाच्या निरोपात 'घरचं कुणी सोबत आणा' असं होतं. माझ्या नवऱ्याला सुट्टी नव्हती, म्हणून मी वाचले. बाकीच्यांचे घरचे थेट वर्गात बसले आणि आजाऱ्यांच्या वतीने उत्तरं देऊ लागले. शिकवणाऱ्या बाई खूश. "बघा, किती काळजी आहे!"

सरावासाठी माझ्या जोडीला तीर्थपुरीचा रतन आला, धंद्याने शिंपी. मी विचारलं, "झोप लागते का?"

"मस्त झोपतो. गोळ्या बराबर घेऊन राह्यला," शेजारी बसलेला त्याचा थोरला भाऊ म्हणाला. रतन नखं बघत बसला होता.

माझं डोकं फिरलं. "आजार तुम्हाला झालाय का, भाऊ? बाहेर जाऊन चहा घ्या."

बाई धावत आल्या. "एवढा राग असेल तर हे काम तुम्हाला जमणार नाही."

"नका देऊ सर्टिफिकेट. आधी यांना बाहेर काढा."

भाऊ तणतणत गेला. रतनने माझ्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाला, "ताई, तुमचाबी हात थरथर कापायचा का?"

"कापायचा. लिथियमनं." लिथियम ही मन ताळ्यावर ठेवणारी गोळी. ती रक्तात जास्त झाली की हात थरथरतात.

"मला तं सुईत दोरा ववता येईना. म्हणून गोळ्या थुकून देऊन राह्यलो. भावाला म्हाईत न्हाई."

मी घाबरले. गोळ्या अशा एकदम सुटल्या की आजार कसा उलटतो, ते मी दवाखान्यात भरती असताना वॉर्डात पाहिलं होतं.

"मी डॉक्टरांना सांगितलं, मंग त्यांनी रक्त तपासून डोस कमी केला. तू सांगितलंस का?"

"माझं बोलणंच होत न्हाई. भाऊच बोलतो."

"मंग उद्या मी येते सोबत. पण बोलायचं तू."

तेवढ्यात भाऊ परतला. "काय म्हणला ओ, मॅडम?"

"त्याला विचारा."

भाऊ गोंधळला. शेवटी रतनकडे वळला. "काय म्हणला रं?"

"उद्या दवाखान्यात जायचंय, दादा," रतन म्हणाला. "तू बाहेर बस. आत मी बोलतो."