सारोळ्याची क्लॅरिनेट

इस्माईल मास्तर गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका कार्यालयाला चौथे स्मरणपत्र लिहीत होतो. फोन मास्तरांच्या शिष्येचा, कोमलचा होता. "आजोबा, मास्तर गेले," एवढेच ती म्हणाली. मी पेनाला टोपण लावले, मफलर गुंडाळला आणि भोरच्या बाजारपेठेतून त्यांच्या घराकडे निघालो. वाटेत तिघांनी थांबवले आणि तिघांनीही एकच वाक्य उच्चारले, "वय झालं होतं हो." मास्तर एकाहत्तर वर्षांचे होते. मी अठ्ठ्याहत्तरचा आहे. आज सहा आठवडे झाले, तरी त्या वाक्याचा माझा राग उतरलेला नाही. माणूस वयाने गेला असे एकदा ठरवले की कोणालाच काही विचारावे लागत नाही, म्हणून ते लोकांच्या तोंडी इतके सहज येते. मला विचारायचे आहे. ज्यांना विचारायचे त्यांच्या यादीत पहिले नाव माझे स्वतःचे आहे, हे सुरुवातीलाच नमूद करून ठेवतो.

भोर-वेल्ह्यात गेल्या चाळीस वर्षांत ज्यांची लग्ने झाली त्यांपैकी पुष्कळांना मास्तरांचे नाव ठाऊक नसेल. सूर ठाऊक आहे. राजगडाखालच्या पालीपासून नीरेच्या पुलापर्यंत, वरातीपुढे लाल डगला घालून, गाल न फुगवता क्लॅरिनेट वाजवत चालणारा उंच माणूस म्हणजे ते. मी दिवाणी न्यायालयात नाझर होतो. त्यांच्या घराच्या हद्दीच्या एका दाव्यात आमची ओळख झाली. दावा ते हरले. मी चिडलो, ते हसले, आणि पुढे सत्तावीस वर्षे आमच्या मैत्रीत कामाची वाटणी अशीच राहिली. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या छातीचा एक्स-रे पाहून डॉक्टरांनी वरातीत वाजवणे कायमचे बंद करायला सांगितले. "घरात बसून थोडं वाजवा. चालत चालत, धुळीत, अजिबात नाही," हे डॉक्टरांचे शब्द. मी शेजारच्याच खुर्चीत बसलो होतो, त्यामुळे याला मी साक्षीदार आहे.

कोमल त्यांच्याकडे आली ती सुराच्या मागाने. हिर्डोशीच्या वरच्या अंगाला धनगरवाड्यावरची ही मुलगी भोरला वसतिगृहात राहून बी.ए. करते. वसतिगृहाची मागची खिडकी मास्तरांच्या परसात उघडते. एके दिवशी ती दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काल तुमी मधीच का सोडलं?" मास्तर म्हणाले, "दम लागला, बाळ." "मग मला शिकवा. म्या पुरं करीन." हा उद्धटपणा मास्तरांना इतका आवडला की त्याच संध्याकाळी त्यांनी तिला फुंकर कशी घालायची ते दाखवले. वर्षभरात ती पुरे करू लागली. पोलीस बँडच्या भरतीत वादनाची चाचणी असते, ती द्यायचे तिने मनाशी ठरवले. तेव्हा अडचण उघड झाली. मास्तरांची क्लॅरिनेट सांध्याला तांब्याच्या तारेने आवळलेली, तीन चाव्यांना रबर लावलेली. ती फक्त त्यांच्याच बोटांचे ऐके. मुलीला स्वतःचे, धड वाद्य हवे होते, आणि शिकणाऱ्या पोरीला परवडेल असे. नव्याचा विचारच नको. तिच्या वडिलांनी दोन बोकड विकले, पैसे मास्तरांच्या हातात ठेवले आणि शंका विचारली, "शेरडामागं आमी शिट्टी वाजवतो, तसंच हाय का हे?" मास्तर गंभीरपणे म्हणाले, "तसंच. हितं फकस्त शेरडं गणवेशात असत्यात."

बोकडांच्या त्या पैशांत बसेल अशी जुनी क्लॅरिनेट शोधत आम्ही तिघे पुण्याच्या एका गल्लीत गेलो. दुकानदाराने जी काढली ती आरशासारखी चमकत होती. मास्तरांनी खिशातून एसटीच्या तिकिटांच्या पट्ट्या काढल्या. ही त्यांची नेहमीची पद्धत. क्लॅरिनेटच्या प्रत्येक चावीखाली एक छोटी गादी असते. ती भोकावर नीट बसली नाही तर हवा गळते आणि सूर फाटतो. तिकिटाची पट्टी गादीखाली ठेवायची, चावी दाबायची आणि पट्टी हळूच ओढायची. अडली तर गादी चांगली. सुटून आली तर गादी गेली. त्या दुकानात पट्ट्या लोण्यातून निघाव्यात तशा निघत होत्या. नंतर मास्तरांनी सांध्यापाशी नख फिरवले, आणि काळ्या मेणाने बुजवलेली बोटभर लांब चीर बाहेर आली. दुकानदार भडकला. "मास्तर, वाजवायचीय का पोस्टमॉर्टेम करायचंय?" "मयत हाय का नुसती बेशुद्ध, तेवढं बघतोय," मास्तर म्हणाले. मी ग्राहक संरक्षण कायद्याने बोलायला सुरुवात केली. "हे कोण, वकील का?" दुकानदाराने विचारले. मास्तर म्हणाले, "न्हाई हो. वकील बी ह्यांना भितात." कोमल गल्लीच्या तोंडापर्यंत हसत होती. अशी चार ठिकाणे झाली. नंतर तिचे हसणे बंद झाले.

मग मास्तरांना सारोळ्याची आठवण झाली. बँडमधला त्यांचा जुना जोडीदार तिथला. तो जाऊन आठ वर्षे झाली होती, आणि त्याची क्लॅरिनेट त्याच्या बायकोच्या, पारूबाईंच्या ट्रंकेत होती. आम्ही गेलो. फेट्याच्या कापडात, कडुलिंबाच्या वाळल्या पाल्यात ठेवलेली ती क्लॅरिनेट मास्तरांनी उन्हात धरून फिरवून फिरवून पाहिली. गाद्या किड्यांनी खाल्ल्या होत्या, त्या बदलता येतात. लाकूड मात्र निरोगी होते, एकही चीर नव्हती. "वैनी, किती देऊ?" मास्तरांनी विचारले. पारूबाई म्हणाल्या, "पोरीकडं असतील तेवढं द्या. वाजंल तरी. हितं नुसती झुरळं बसत्यात ऐकत. न्या आजच."

मास्तरांनी हात पुढे केला, आणि तेवढ्यात मी बोललो. "वहिनी, वाद्य तुमच्या यजमानांचं. त्यांच्या पश्चात तुम्ही आणि दोन्ही मुलगे वारस. तिघांच्या सह्यांचा कागद हवा. उद्या कुणी हरकत घेतली तर या मुलीच्या हातून वाद्य जाईल." कायद्याने यातले एक अक्षर चुकीचे नाही. मास्तर हळू आवाजात म्हणाले, "नाझरसाहेब, न्हेऊ या की. कागद मागनं करू." मी ऐकले नाही. पुढच्या रविवारी स्टॅम्पपेपर घेऊन आम्ही गेलो तेव्हा थोरला मुलगा ओट्यावर मोबाईल घेऊन बसला होता. आठ वर्षांत त्याने त्या ट्रंकेचे झाकण उघडले नव्हते. "एवढं कोर्टाचं कागद लागत्यात म्हंजी वस्तू भारीच असणार," तो म्हणाला, आणि कुठल्यातरी परदेशी क्लॅरिनेटचे चित्र त्याने आमच्या नाकापुढे धरले. त्याने जी किंमत सांगितली ती द्यायला कोमलच्या बापाला अख्खा कळप विकूनही पुरले नसते. परतीच्या गाडीत मास्तर रागावले असते तर मला बरे वाटले असते. कोमल खिडकीबाहेर बघत होती. चाचणीला तेव्हा जेमतेम वर्ष उरले होते.

मी मला जे येते ते केले. चार पानांची नोटीस लिहिली. तोंडी करार हाही करारच असतो, पारूबाईंनी तो केला आहे, आणि त्यातून माघार घेता येणार नाही, असे मुद्देसूद मांडून ती रजिस्टरने पाठवली. सहीची पोचपावती आली. उत्तर आले नाही. कित्येक महिने गेले. दिवाळीनंतर एका सकाळी मास्तर टॉवेलात गुंडाळलेली क्लॅरिनेट घेऊन माझ्या दारात उभे. "तुमच्या नोटिशीनं काम झालं, साहेब. थोरला लई घाबरला. म्हनला, न्या बाबा, हाय त्या पैशात न्या." मी त्या नोटिशीची प्रत घेऊन एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात गेलो आणि तीन दिवस येईल त्याला ती वाचून दाखवली. मास्तर शेजारी बसून चहावर फुंकर घालत होते. मधूनमधून खोकत होते. मी वाचत होतो.

मास्तरांच्या तिसऱ्या दिवसाच्या जियारतीला सारोळ्याचा थोरला आला होता. बाहेर खुर्च्यांवर बसलेल्या लोकांना तो सांगत होता, "असा मानूस व्हनार न्हाई. आमच्या पोरीची हळद, वरात, गावची मिरवणूक, मेव्हन्याची हळद आन लगीन, धरून पाच कार्यक्रम वाजवलं. एक रुपाया घेतला न्हाई." मी विचारले, "का घेतला नाही?" "आता ठरलंच हुतं तसं. क्लॅरिनेटच्या राहिलेल्या पैशाच्या बदल्यात." "आणि माझी नोटीस?" तो खरोखरच आठवू लागला. "कंची? ते पाकीट व्हय... हिनं सही करून घेतलं हुतं. उघडलं न्हाई कुनी. असंल शेवयाच्या डब्याखाली."

मी त्याला तिथे जे बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही, आणि मी ते मागेही घेत नाही. डॉक्टरांनी काय सांगितले होते ते आपल्याला माहीत नव्हते, असे तो म्हणाला. खोकला ऐकू येत नव्हता काय? हायवेच्या कडेने, वाहनांच्या धुरात, पाच वेळा एक म्हातारा माणूस तुझ्या दारापुढे चालत फुंकतो आहे आणि तू नोटा ओवाळतो आहेस, तुला त्याच्या ओठांचा रंग दिसला नाही काय? त्या पाच कार्यक्रमांनी मास्तर गेले असे मला कोणत्याही न्यायालयात सिद्ध करता येणार नाही. कार्यकारणसंबंध म्हणजे काय ते मला शिकवण्याची गरज नाही. पण जे सिद्ध होत नाही ते घडलेच नाही, असे मी आयुष्यभर मानत आलो, आणि या वयात मला ते मानता येत नाही. माझा कागद मध्ये आला नसता तर ती क्लॅरिनेट पहिल्याच दिवशी टॉवेलात गुंडाळून भोरला आली असती. जे मी बिघडवले ते त्यांनी आपल्या छातीने भरून काढले. आणि वर मला खोटे सांगितले! मास्तर, तुम्ही माझी लाज राखलीत असे लोक म्हणतील. मी म्हणतो, तुम्ही मला अडवण्याची संधी दिली नाहीत. मला कळले असते तर मी सारोळ्याच्या रस्त्यात आडवा पडलो असतो. तुम्हाला ते ठाऊक होते, म्हणूनच तुम्ही बोलला नाहीत. याबद्दल मी तुमच्यावर रागावलेलो आहे, आणि हसून ते मिटवायला तुम्ही आता नाही.

परवा कोमल घरी आली. चाचणी पंधरा दिवसांवर आली आहे आणि एका सुरात तिला हवा गळल्याचा संशय येत होता. "मास्तर असते तर पट्टी लावून बघितली असती. एकटीनं हुत न्हाई. मला दोनी हातानं चाव्या धराय लागत्यात," ती म्हणाली. क्लॅरिनेटच्या पेटीतल्या कप्प्यातून तिने मास्तरांच्या पट्ट्यांचा गठ्ठा काढून माझ्या हातात दिला. सवयीने मी चष्मा लावला. ज्येष्ठ नागरिक, अर्धे तिकीट... तिकिटांच्या त्या कागदावरची अक्षरे किती लवकर उडतात! बहुतेक पट्ट्या कोऱ्याच झाल्या होत्या. ज्यांवर काही वाचता येत होते त्यांवर एकच गाव होते, सारोळे. पाच कार्यक्रमांना लागतील त्याहून पट्ट्या कितीतरी जास्त होत्या. वाजवायला जाण्याआधी, थोरल्याला राजी करायला ते किती रविवार गेले असतील ते आता कोणीच सांगू शकणार नाही. मी कोमलला विचारले, तुला ठाऊक होते का? "मला म्हनायचे, गाद्यांचं कातडं आणाय चाललोय," ती म्हणाली. पुढे बराच वेळ ती खाली बघत क्लॅरिनेट पुसत राहिली.

नंतर ती खुर्चीत ताठ बसली आणि एक चावी दाबून धरली. मी पट्टी गादीखाली सरकवली. "हळू ओढा, आजोबा. फाटंल." मी ओढली. पट्टी अडली. दुसरी चावी, तिसरी, मग गादीच्या चारी बाजूंनी, मास्तर करायचे तसे. वरच्या सांध्यापासून खालच्या कर्ण्यापर्यंत आम्ही सगळ्या गाद्या पाहिल्या. मास्तरांनी बसवलेल्या त्या गाद्यांतून एकही पट्टी सुटून आली नाही. संशय उगाचच होता.

"झालं, आजोबा. सोडा आता," कोमल म्हणाली. "वाजवायचंय मला."

शेवटच्या चावीखालची ती पट्टी मी अजून ओढूनच धरली होती.