नानांच्या खांद्याची गोळी

नानांना ती गोळी मी दिली होती.

आज त्यांचं वर्षश्राद्ध. काकूचा सकाळीच फोन आला, "लवकर येजो." आणि मी दुकानात बसून हे लिहितोय.

पारोळ्यात माझं मेडिकल आहे. म्हणजे माहीत नव्हतं असं म्हणायला मला तोंड नाही.

नाना माझे सख्खे काका. जुन्या काविळीने लिव्हर खराब झालेलं. दारूला आयुष्यात शिवले नाहीत, पण पोट फुगलं की गाव बोलायचं ते बोलतंच. धुळ्याच्या डॉक्टरांनी फाइलवर लाल पेनाने लिहिलं होतं: मीठ बंद. पेनकिलर बंद.

मीठ बंद म्हणजे भरीत बंद. पण दर हिवाळ्यात मळ्यात होणाऱ्या भरीत-पार्टीची वांगी कुटायचे नानाच. दुसऱ्या कुणी मुसळ धरलेलं त्यांना चालायचंच नाही.

मागच्या हिवाळ्यातही पोट सांभाळत बसले आणि चाळीस माणसांची वांगी कुटली. स्वतः घासभर खाल्लं नाही. नुसतं हुंगलं.
"मीठ कमी शे," म्हणाले.
खरंच कमी होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात आले.
"खांदा भलता दुखी ऱ्हायना. एक गोई दे ना भो. तुनी काकूले नको सांगजो."
"नाना, फाइलवर काय लिहिलंय?"
"फाइल घर शे."
ते हसले. मीही हसलो. आणि तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या.

पाचव्या दिवशी लघवी बंद झाली. धुळ्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, लिव्हर थकलेलंच होतं, आता किडनीनेही मान टाकली. "पेनकिलर दिली होती का कुणी?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.
मी म्हणालो, "नाही."

नाना डोळे मिटून पडले होते. मला वाटलं, शुद्धीत नाहीत.
"मीच लिधी," ते म्हणाले. "स्टँडवरना मेडिकलथीन. त्याले काही माहीत नई."

त्यानंतर ते बोललेच नाहीत.

डॉक्टर नंतर म्हणाले, गोळीशिवायही कदाचित हेच झालं असतं. त्या 'कदाचित'वर मी वर्ष काढलं. अजूनही दुकानाच्या पायरीवर नाना खांदा चोळत उभे दिसतात. भरदुपारी.

आणि काकू वर्षभर त्यांनाच बोल लावतेय. "त्यास्नी मनं कधी आयकंच नई." मी मान हलवतो. चहा पितो. घरी येतो.

काकू, हे मी गावच्या ग्रुपवर टाकतोय, तुला कुणीतरी वाचून दाखवेलच. त्याआधी मी पोचतोय. शटर ओढलंय. पानावर बसण्याआधी सांगणार आहे, नाना स्टँडवर गेलेच नव्हते.

नाना, तुमच्यावरचा आळ आज उतरवतो. माझी श्रद्धांजली एवढीच.